घरगाडीचा ढकल्या

२८ मे

घरगाडी आली एकदाची. कुपवाडच्या कारागिराने दिवाळीचा वायदा केला होता, तो मे संपता संपता पुरा केला. पण काम झकास आहे. दोन चाकांच्या दणकट ट्रेलरवर पत्र्याची खोली, आत दोन बाक, गॅसचा ओटा, पाण्याची टाकी, खिडक्यांना जाळी. मोटारीच्या मागे जोडायची आणि चालू लागायचं.

लोक विचारतात, शांतिनाथ, सत्तरीला टेकल्यावर हे काय खूळ? खूळ नाही. आक्काताईचा नियम आहे. (आक्काताई म्हणजे आमची मंडळी. माहेरी नावच ते ठेवलं, त्याला मी काय करू?) स्वतः शिजवलेलंच खायचं, पाणी विहिरीचं आणि आपल्या हातानं गाळलेलं. हॉटेल नाही, धर्मशाळा नाही, पाहुण्यारावळ्यांकडेही नाही. नियम घेतल्यापासून बाई एका रात्रीच्या मुक्कामाला कुठे गेलेली नाही. आता चूलच बरोबर न्यायची. पहिलं बाहुबली, मग बाकीची जैन तीर्थक्षेत्रं.

अडचण एकच, आमच्या मळ्यातली बोळ. रस्त्यापासून घरामागच्या हळद शिजवायच्या शेडपर्यंत सगळा उतार आणि मध्ये वळण. मोटारीनं घरगाडी उलटी आत ढकलायला गेलं की ती भलतीकडेच तोंड करते. आज कारागिराच्या सहा माणसांनी ढकलून आत घातली. आता बाहेर काढायची तर चढ, आणि माणसं कुठून आणायची?

पूर्वी हा प्रश्न पडला नसता. भिंतीपलीकडे हंबीरराव राहतो. फौजेत ड्रायव्हर होता. एक हाक मारली की घरची सगळी घेऊन यायचा. पण तीन वर्षांमागे आमच्या पोरानं, अतिशयनं, त्याच्या लेकीशी, शिवांजलीशी लग्न केलं. दोघं साताऱ्याला राहतात. लग्नाला मी गेलो नाही आणि तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद आहे. आज हंबीरराव भिंतीला टेकून बघत होता. गाडी वळणावर अडली तेव्हा तो बाह्या सावरू लागला. मी पाठ फिरवली.

२ जून

तोड सापडली. परदेशात अशा घरगाड्यांना एक यंत्र बसवतात. दोन्ही चाकांपाशी एकेक मोटर, तिला एक रूळ. रूळ टायरला घट्ट चिकटतो आणि फिरला की चाक फिरवतो. बॅटरीवर चालतं. आपण रिमोट धरून बाजूला उभं राहायचं, गाडी मुंगीच्या चालीनं आपली आपण चालते. ना मोटार लागते, ना कुणाचा हात.

चेन्नईचा एकजण मागवून देतो. बसवायला त्यांचा माणूस येतो म्हणे, पण त्याची मजुरी ऐकून मी फोन ठेवला. नंतर परत लावला आणि सांगितलं, नुसतं यंत्र पाठवा. जन्मभर हळदीचा व्यापार केला, नुसत्या वासावरून माल कुठल्या शिवारातला ते सांगतो. मला चार बोल्ट आवळता येणार नाहीत?

आक्काताईनं त्याचं नाव ठेवलं ढकल्या. मग विचारत बसली. चढावर चालंल का? किती चढावर? फाटक अरुंद असलं तर? मी म्हटलं, बाहुबलीला मैदान आहे, तिथं कसलं फाटक? ती म्हणाली, सहज विचारलं. आषाढातल्या चतुर्दशीच्या आत गाडी हलली पाहिजे, एवढं मात्र बजावलं. बरोबरच आहे. चतुर्दशीला चातुर्मास लागतो, मग गाव सोडायचं नसतं, त्याआधी जाऊन घरी परतायला हवं.

११ जून

खोकं आलं. खाली उतरवताना टेम्पोवाल्याने मला विचारलं, काका, आत काय हाय? मी म्हटलं, सहा माणसं. तो खोक्यापासून जरा लांबच उभा राहिला.

पुस्तक इंग्रजीत आहे. चष्मा लावून दुपारभर वाचलं. शेवटी एक भाग आहे, गाडी बराच काळ उभी ठेवायची असेल तर काय करावं. तो सोडून दिला. आपल्याला गाडी उभी ठेवायची नाही, फिरवायची आहे.

१३ जून

गाडीखाली उताणा पडलो. ज्याने ही घरगाडी बांधली त्याने खालून कोणी बघेल असं धरलंच नव्हतं. चासीला वेल्डिंगचे फुगवटे, त्यामुळे ढकल्याची पकड सपाट बसत नाही. कानशीने घासले. लोखंडाचा कीस डोळ्यात, हळदीचा जुना धुरळा नाकात. तासाभराने उजवी मोटर वर उचलून एका हाताने धरली, दुसऱ्याने बोल्ट शोधू लागलो, तर बोल्ट छातीवरून घरंगळून गेला. तेव्हा वाटलं, देवाने माणसाला दोनच हात दिले ते चुकलं.

आक्काताई वाकून म्हणाली, कुणाला तरी बोलवा. मी म्हटलं, कुणाला? ती भिंतीकडे बघत राहिली.

१४ जून

पाठ धरली. लिहवत नाही.

१८ जून

सकाळी भिंतीवर फौजी बनावटीचा जॅक होता. हिरवा रंग उडालेला, पण तेल घातलेला, चालू. कुठून आला ते न कळायला मी दूधखुळा नाही. आक्काताई म्हणाली, भिंतीवर कुणाचा तरी जॅक हाय बघा.

विचार केला. माझं भांडण माणसाशी आहे, जॅकशी नाही. वापरला. मोटर त्याच्यावर ठेवून नीट वर चढवली, दोन्ही बाजूंचे बोल्ट बसले. उपकार अंगावर नकोत म्हणून संध्याकाळी जॅक रॉकेलने पुसून, तेल देऊन भिंतीवर होता तिथेच ठेवला.

१९ जून

जॅक गेला. त्याच्या जागी लांब दांड्याचा पाना. माझ्या पान्याने शेवटचा आटा बसत नव्हता हे पलीकडून कसं दिसलं कोण जाणे. वापरला. पुसला. ठेवला.

दुपारी आक्काताई फोनवर कुणाला तरी विचारत होती, विहिरीला पाणी किती हाय, दोर केवढा लागंल? मला वाटलं बाहुबलीच्या व्यवस्थापकाशी बोलतेय. तिथली काळजी ती इतकी करते याचं बरं वाटलं.

२३ जून

वायरी जोडल्या. लाल लालला, काळी काळीला, चित्रात दाखवल्यासारखं. बॅटरी बाकाखाली बसवली. रूळ टायरला लावले, हातब्रेक सोडला, णमोकार मंत्र म्हणून बटण दाबलं.

गाडी पुढे गेली नाही. मागेही गेली नाही. एक चाक पुढे, एक चाक मागे, आणि गाडी जागच्या जागी वळू लागली. मी बटण सोडायचं ते भीतीने आणखी दाबून धरलं. घरगाडीने शेडमध्ये अर्धा फेर धरला आणि हळद शिजवायच्या काहिलीला ढुशी दिली. काहील घणघणली. आक्काताई पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईतो हसली. ती अशी हसलेली पुष्कळ दिवसांत ऐकली नव्हती, म्हणून रागावलो नाही. पण भिंतीपलीकडेही कुणीतरी हसत होतं, त्याचा मात्र राग आला.

२५ जून

डाव्या मोटरीच्या वायरी उलट्या केल्या. चालली! मुंगीसारखी पण सरळ. पुढे म्हटलं की पुढे, मागे म्हटलं की मागे. अंगठ्याएवढ्या बटणावर सगळी खोली चालते, भांडी चालतात, आक्काताईचं देवघर चालतं. मी शेडमध्ये गाडी पाच वेळा पुढे नेली आणि पाच वेळा मागे आणली. मला कुणाची गरज नाही. हे वाक्य मी मोठ्याने म्हणालो.

आक्काताई म्हणाली, "ऐकलं आमी. भिंतीनं पण ऐकलं."

रात्री तिने फोनमध्ये फोटो दाखवला. वर्षाची पोर, हात पोह्याच्या डब्यात, नाकावर पोहा. मी चष्मा नाही म्हणून फोन परत दिला. चष्मा डोक्यावरच होता, ते तिने सांगितलं नाही. नातीचं नाव ब्राह्मी आहे. आमच्यातलं नाव ठेवलंय, हे मला आजपर्यंत कुणी बोललं नव्हतं. की बोललं होतं आणि मी ऐकलं नाही?

१ जुलै

आजचं सगळं नीट लिहून ठेवतो.

बोळीतून गाडी वर काढायची म्हणून आधी पूजा केली. पूजेचं मी स्वतःकडे घेतलं. हळदीचा व्यापारी, माझ्या गाडीला चिमूटभर हळद शोभेल का? घरची एक नंबर पूड खोबरेल तेलात कालवली आणि दोन्ही टायरना चांगली चोपडली, वाटेत पुसून जाऊ नये म्हणून. वर कुंकवाने साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढला. नारळ फोडला, त्याचं पाणीही चाकांवरच टाकलं. चाकं अशी दिसत होती की बघत राहावं.

बटण दाबलं. शेडच्या सपाटीवर गाडी गेली. बोळीचा चढ लागला, अर्ध्यापर्यंत चढली, आणि मग रूळ नुसतेच फिरू लागले. तेलकट टायरवर त्यांची पकडच राहिली नाही. हातब्रेक मी आधीच सोडलेला. गाडी मागे येऊ लागली, आधी हळू, मग हळू नाही. मागे आक्काताई आरतीचं ताट घेऊन उभी होती. मी ओरडलो की नाही आठवत नाही. बटण दाबत राहिलो एवढं आठवतं.

हंबीरराव भिंतीवरून आला. सत्तरीचा माणूस भिंतीवरून आला. हातात उसाच्या गाडीच्या चाकाला लावायचा ओंडका होता. तो त्याने चाकाखाली सारला आणि घरगाडीला पाठ लावून उभा राहिला. मीही जाऊन पाठ लावली. गाडी थांबली. आक्काताईचं ताट हातातच होतं, दिवाही विझला नव्हता.

दोघांना धाप लागली होती. हंबीररावने बोटाने टायर पुसून बघितला, बोट नाकाशी नेलं, माझ्याकडे बघितलं.

"शेट, पोराच्या हळदीला आला न्हाईसा. ती समदी चाकाला लावली व्हय?"

 मला हसू आलं आणि ते आवरेना. तोही हसू लागला. गाडीला पाठ लावून दोन म्हातारे हसत होते, आणि हललं तर गाडी अंगावर येणार म्हणून हलताही येत नव्हतं. शेवटी आक्काताईने आत हात घालून ब्रेक ओढला.

मग त्याची लीलाबाई पलीकडून राख आणि सोडा घेऊन आली. चौघांनी मिळून टायर धुतले. लीलाबाईला आमच्या घरातलं घमेलं कुठे असतं, ब्रश कुठे असतो, सगळं माहीत होतं. तीन वर्षं आली नसताना कसं लक्षात राहिलं, नवल आहे.

२ जुलै

टायर वाळले. ढकल्याने गाडी चढावरून रस्त्यापर्यंत नेली. शेजारून हंबीरराव ओंडका घेऊन चालत होता. मी नको म्हटलं नाही.

जेवण झाल्यावर मी बाहुबलीला फोन लावायला घेतला. आक्काताईने फोन हातातून काढून घेतला.

"मला बाहुबलीला जायाचं न्हाई," ती म्हणाली. "सातारला जायाचं हाय. पोरगी चालाय लागली, तिला मी अजून मांडीवर घेतली न्हाई. माझा नियम हाय, तो मी मोडणार न्हाई. पण माझी चूल तिच्या दारात गेली तर नियम कुठं मोडतो? तिथं सोसायटीत जुनी विहीर हाय. अतिशयनं विहीर बघूनच घर घेतलंय."

मी म्हटलं, मग घरगाडी बाहुबलीसाठी असं का सांगितलंस? ती म्हणाली, सातारचं सांगितलं असतं तर तुमी पत्रा तरी घेऊन दिला असता का?

मी शेडमध्ये जाऊन बसलो. राग यायला हवा होता. त्याची वाट बघत बराच वेळ बसलो. मनात एकच येत राहिलं, पोरानं विहीर बघून घर घेतलं. नळाच्या पाण्याचे, लिफ्टचे चांगले चांगले फ्लॅट सोडून त्यानं आईसाठी विहीर शोधली आणि मला ते माहीत नव्हतं. मला रडू आलं. इथे लिहायला हरकत नाही, ही वही कुणी वाचत नाही.

५ जुलै

सातारा. पहाटे नाही, चांगलं उजाडल्यावर निघालो. गाडी हंबीररावने चालवली, मागे ट्रेलर ओढायची सवय फौजेतली. मी त्याच्या शेजारी. कराडपर्यंत दोघंही रस्त्याबद्दलच बोललो. कराड ओलांडल्यावर तो म्हणाला, मला पण पटलं न्हवतं पयल्यांदा, जैनाच्या घरात पोरगी, कांदा न्हाई, लसूण न्हाई. मी म्हटलं, मग? तो म्हणाला, मग काय, पोरीनं इचारलंच न्हाई. पुढे बराच वेळ आम्ही परत रस्त्याबद्दल बोललो.

सोसायटी उतारावर, फाटक अरुंद, आत शिरल्या शिरल्या वळण. मोटारीने घरगाडी आत जाणं शक्यच नव्हतं. आक्काताई माझ्याकडे न बघता समोर डोंगरावरचा किल्ला बघत उभी राहिली. मी मोटार सोडवली, रूळ लावले. टायर कोरडे आहेत हे दोनदा बोट लावून बघितलं. सोसायटीची माणसं गॅलरीत आली. अतिशय धावत खाली आला आणि ढकलायला मागे जाऊन उभा राहिला.

"मागं उभं राहायचं न्हाई," हंबीरराव त्याला म्हणाला. "तुझ्या बापाचं यंत्र हाय. ओंडका धर आन् बाजूनं चल."

घरगाडी फाटकातून आत गेली. दोन्ही बाजूंना चार बोटं जागा. वळली, चढली, विहिरीजवळच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. गॅलरीतून टाळ्या वाजल्या. मी जन्मात इतका ताठ उभा राहिलो नसेन. अतिशय पाया पडला. मी त्याला चासीला पकड कशी बसवली ते सांगू लागलो, आणि सांगतच राहिलो. तो ऐकत राहिला.

कोपऱ्यात गाडी ठेवायला सोसायटीच्या अध्यक्षांची परवानगी शिवांजलीने उन्हाळ्यातच काढून ठेवली होती. उन्हाळ्यात तर माझ्या डोक्यात ढकल्या आलाही नव्हता. हे गणित मला सुटलेलं नाही.

ब्राह्मी आक्काताईच्या मांडीवर बसली, उठलीच नाही. मी त्यांच्या घरात गेलो नाही. घरगाडीच्या पायरीवर बसलो. पाणी आमच्या टाकीतलं प्यालो.

९ जुलै, चतुर्दशी

हंबीरराव परवाच एसटीने परत गेला. मी आज निघायची तयारी केली होती. सकाळी आक्काताई पेठेतल्या देवळात गेली, मीही गेलो. तिने देवासमोर हात जोडून नियम घेतला. चातुर्मासाचे चार महिने साताऱ्याची शीव ओलांडणार नाही.

मी ऐकलं, पण डोक्यात शिरायला देवळाच्या पायऱ्या उतराव्या लागल्या. म्हटलं, मला विचारायचं तरी.

"नियम माझा हाय," ती म्हणाली. "तुमी मोकळं हाय. जावा की. ढकल्या हाय न्हवं तुमच्याजवळ, कुणाचा हात लागत न्हाई तुमाला."

परत आलो. पायरीवर बसून राहिलो. समोर विहीर. शिवांजली आंघोळ करून, धुवट साडी नेसून पाणी काढायला आली. मी बघतो आहे हे तिला माहीत नव्हतं. तिने पाणी काढलं, दुहेरी फडक्यातून हंड्यात गाळलं. मला वाटलं, झालं, आता फडकं पिळून टाकेल. तिने फडकं तांब्यावर उलटं धरलं, वरून गाळलेलं पाणी ओतून त्यातले जीव तांब्यात घेतले. मग तांब्या दोराने अलगद थेट पाण्यापर्यंत सोडला, आणि खाली टेकल्यावरच उलटा केला. ज्या पाण्यातले जीव त्याच पाण्यात परत. वरून ओतले तर मरतात. आमच्यातल्या नव्या मुलीही हल्ली वरूनच ओततात.

हे कुठे शिकलीस, मी विचारलं. तिच्याशी बोललेलं हे माझं पहिलं वाक्य. ती दचकली. म्हणाली, "तुमच्याच विहिरीवर, मामा. आत्याबाई पाणी काढायच्या तवा मी दोर धरायची. तुमी बघितलं न्हाई कवा."

खरं आहे. भिंतीवरून येणारी एक झिपरी पोर आठवते. ती काय करत होती ते मी कधी बघितलं नाही.

दिवस मावळायला वेळ होता, म्हणजे अजून पाणी चालत होतं. मी म्हटलं, तहान लागलीय. तिने आमच्या टाकीकडे बघितलं. मी म्हटलं, ते नको, हे. तिने हंड्यातलं पाणी तांब्यात दिलं. विहिरीचं पाणी थोडं मचूळ आहे. पुरा तांब्या प्यालो. आत खिडकीच्या जाळीपाशी आक्काताई उभी होती, ती तिथून दूर झाली. मग भांड्यांचा आवाज येऊ लागला, नेहमीपेक्षा जरा जास्तच.

संध्याकाळी ब्राह्मीने रिमोट तोंडात घातला. तो काढून घेतला, पुसला, आणि ढकल्याचं पुस्तक शोधलं. शेवटचा भाग आज वाचला. गाडी बराच काळ उभी ठेवायची असेल तर रूळ टायरपासून सोडवावेत, बॅटरीची वायर काढून ठेवावी, रिमोटमधले सेल काढावेत, नाहीतर गळतात.

सगळं काढून ठेवलं.